सोसायटीचा चार्ज घेताना: माझा अनुभव

निवडणूक जिंकली की सोसायटी हातात आली, असं गावात सगळ्यांनाच वाटतं. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या विविध कार्यकारी सोसायटीत, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज आणि खत देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेत, या वेळी बहुतेक संचालक नवे आले आणि चेअरमन म्हणून माझी निवड झाली. गुलाल उधळून झाला, पेढे वाटून झाले, आणि मग चार्ज, म्हणजे दप्तर-मालमत्तेचा ताबा, घ्यायची वेळ आली. महिला राखीव जागेवरून पहिल्यांदाच निवडून आलेल्या बहिणींसाठी मुद्दाम लिहिते आहे.

मावळते चेअरमन नात्यातलेच. तयार कागद पुढे सरकवत म्हणाले, "वहिनी, सही करा. दप्तर कपाटातच आहे, जातंय कुठे?" कागदावर एकच ओळ होती: संपूर्ण दप्तर व मालमत्ता मिळाली. मी म्हटलं, "भाऊजी, एकेक वस्तू लिहू, मग दोघंही सही करू." त्यांना ते लागलं. पण सहकार कायद्याच्या कलम 160 प्रमाणे दप्तर आणि मालमत्ता नव्या अध्यक्षाच्या ताब्यात द्यावीच लागते, हे सोसायटीचं कामकाज पाहणाऱ्या गटसचिवांनी शांतपणे सांगितल्यावर ते यादीला बसले.

प्रोसिडिंग बुक (सभांच्या नोंदीचं), किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (प्रत्येकाच्या खात्याची वही), सभासद रजिस्टर हे कोणीही लिहून घेईल. माझा आग्रह होता कोऱ्या पावती पुस्तकांचा. त्यांचे अनुक्रमांक यादीत आलेच पाहिजेत, कारण एखादं पुस्तक बाहेर राहिलं तर कोणीही जुन्या तारखेची पावती फाडू शकतो.

मग खताचं गोदाम. थप्पी समोरून गच्च दिसत होती. आमच्यातले एक तरुण संचालक वर चढले, तर मागच्या बाजूला मधल्या गोण्याच नव्हत्या. अंगठा घेऊन खतविक्री नोंदवणाऱ्या ई-पॉस यंत्रातला साठा जास्त आणि 45 किलोच्या युरियाच्या गोण्या कमी. अंगठा न घेता उधारीवर खत दिलं गेलं होतं आणि त्याची नोंद एका शाळकरी वहीत होती. ती वहीसुद्धा यादीत घेतली. गरजेच्या वेळी दारातल्या माणसाला खत नाकारवत नाही, हे मला कळतं. पण सोसायटी सगळ्यांची आहे.

सगळ्यात जड गेली ती अनिष्ट तफावत. सोसायटी जिल्हा बँकेकडून कर्ज घेऊन ते सभासदांना देते. सभासदांकडून येणं कमी आणि जिल्हा बँकेला देणं जास्त, तर मधला फरक सोसायटीच्या डोक्यावर बसतो. मग सभासदांनी कर्ज फेडलं तरी बँकेच्या लेखी संस्था थकबाकीदार राहते. लेखापरीक्षण अहवालात हा आकडा होता, पण गावातल्या सभेत त्यावर कधी चर्चाच झाली नव्हती. तो नेमका कुठून आला हे शोधायला आम्ही घरोघरी जाऊन ओट्यावर पासबुकं खतावणीशी ताडून पाहिली.

एका आजींनी प्लास्टिकच्या पिशवीतून पावती काढली. मार्च अखेरच्या आत पूर्ण भरणा, खाली सोसायटीचा शिक्का. खतावणीत मात्र त्यांच्या नावावर बाकी. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं. म्हणजे पैसे भरूनही आजींची सवलत जाणार होती. "पोरी, मी बुडवे नाही गं," असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मला फार वाईट वाटलं.

अशा सगळ्या पावत्यांच्या प्रती जोडून आम्ही सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी अर्ज दिला आणि लेखापरीक्षकांनाही एक प्रत दिली. आजींचा भरणा तपासून मान्य झाला, त्यांचं खातं निल झालं. बाकीच्यांची पडताळणी अजून चालू आहे. बँकेत नव्या सह्यांचे नमुने गेले, त्यात फारसा त्रास झाला नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्या सभेत तफावतीचा आकडा, उधारीची वही आणि चार्ज यादी वाचून दाखवायची, असा ठराव संचालक मंडळाने केला आहे. भाऊजींना सभेची नोटीस मी स्वतः घरी नेऊन दिली.