तुम्ही विचारलंत म्हणून: प्रत्येक ठोका पकडला, तरी चार्ट का जमत नाही?

गणपती जवळ आले की पुण्यात हा प्रश्न हमखास येतो. ढोल-ताशा पथकाचं रेकॉर्डिंग घेतलं, रिदम गेमसाठी त्याचा चार्ट (कोणतं बटण कधी दाबायचं हे सांगणाऱ्या खुणा, म्हणजे नोट्स) केला, ताशाची एकेक काडी चार बोटांच्या चार कॉलममध्ये बसवली, तरी खेळताना ठेका हाताला लागत नाही. असं का?

आधी टायमिंग बघा. पथक मेट्रोनोमवर वाजवत नाही, रंगात आलं की लय चढते. १५० बीपीएमला (मिनिटाला १५० मात्रा) एक मात्रा ४०० मिलिसेकंदांची. लय १५२ झाली की ती ३९४.७ वर येते, म्हणजे आठ मात्रांत ४२ मिलिसेकंदांची घसरण. ओसू मेनिया या गेममध्ये ओडी (अचूकतेची कडक पातळी) ८ ला ३०० चा शेरा मिळायला नोटेच्या मागेपुढे ४० मिलिसेकंदांच्या आत दाबावं लागतं. एवढ्यानेच खेळणाऱ्याचं अचूक बोट चुकीचं ठरतं. म्हणून दर चार-आठ मात्रांनी नवा टायमिंग पॉइंट (गेमला लय नव्याने सांगणारी खूण) द्या, आणि तो २५ टक्के वेगावर ऐकून लावा. वेव्हफॉर्मवर (आवाजाच्या आलेखावर) ढोलाच्या थापेचा घुमारा धरू नका, टिपरूचा, म्हणजे ढोलाच्या काठीचा, टोकदार आघात धरा. लक्ष्मी रोडसारख्या दाटीच्या रस्त्यावरचं रेकॉर्डिंग असेल तर जास्त जपा: सात मीटरवरच्या भिंतीवर आपटून आवाज सुमारे ४० मिलिसेकंदांनी परततो आणि दुसरं टोक दिसतं. खरं टोक पहिलंच.

आता पॅटर्न. खेळणारा ढोल वाजवतोय की ताशा, हे दर तुकड्याला ठरवा. दोन्ही एकदम दिलेत तर नुसता नोट्सचा पाऊस होतो. ताशाची तडतड १/८ ची (मात्रेत आठ ठोके) असली तरी नोट्स १/४ च्या (मात्रेत चार) ठेवा, बाकीचं कान भरून काढतो. ताशा दोन काड्यांचा, म्हणून १-३-२-४ अशी धार (सलग एकेक नोट; कॉलम १-२ डाव्या हाताचे, ३-४ उजव्या) द्या: डावा-उजवा हात आलटून पालटून पडतो आणि १५० बीपीएमला एकेका बोटाला ४०० मिलिसेकंद मिळतात. तीच धार १-३-१-३ केली तर २०० उरतात, एकाच कॉलममध्ये टाकली तर १००. तो जॅक (एकाच बोटाने लागोपाठ दाबणं) झाला, आणि ताशात तसं काही वाजतच नाही.

ढोलाच्या थापेला दोन नोट्सची जोडी द्या, टिपरूला एकच. सगळ्यात जास्त गडबड या जोडीपाशी होते. धार ४ वर संपली आणि लगेच १+४ ची जोडी आली की चौथ्या बोटाला १०० मिलिसेकंदांत पुन्हा दाबावं लागतं. तुमच्या मनात नसलेला जॅक तयार होतो आणि कॉम्बो (न चुकता चाललेली नोट्सची माळ) नेमका समेवर तुटतो. तिथे १+३ ठेवा, पुढची नोट २ किंवा ४ वर न्या.

शेवटी गाण्याचा आवाज शून्यावर आणा आणि चार्ट ऑटोवर (गेमलाच खेळायला लावून) चालवून नुसते हिटसाउंड, म्हणजे नोट्सचे आवाज, ऐका. ठेका ओळखू आला नाही, तर आधी ताशाच्या नोट्स काढा, जोड्यांना हात लावू नका.