मावशींचं उत्पन्न

आमच्या संस्थेचं सेंटर म्हणजे पर्वतीच्या पायथ्याला वस्तीतल्या समाजमंदिराच्या दोन खोल्या. सकाळी बालवाडी, दुपारी कागदपत्रांचं टेबल, संध्याकाळी पोरांची अभ्यासिका, कारण दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही, फोडणी आणि आजोबांचा खोकला या सगळ्यात दहावीचा अभ्यास होत नाही. बाहेरच्यांना वाटतं आम्ही साड्या-ब्लँकेटं वाटतो. प्रत्यक्षात आमचा बराचसा दिवस नावं जुळवण्यात जातो. आधारवर सुमन, रेशनकार्डावर सुमनबाई, बँकेत माहेरचं आडनाव, आणि ओटीपी जातो जावयाच्या जुन्या नंबरवर, जो त्याने कधीच बंद केलाय. शिवाय वस्तीतल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा वाढदिवस 1 जानेवारी. आधार काढताना तारीख सांगता आली नाही की ऑपरेटरने साल विचारून पुढे तीच टाकली.

त्या दिवशी लाडकी बहीणच्या ई-केवायसीची गर्दी होती. त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार आणि त्याचाही ओटीपी, म्हणजे सोडून गेलेल्या नवऱ्याचा ओटीपी बाईने कुठून आणायचा हे तो फॉर्म बनवणाऱ्याला कुणी विचारलंच नसावं. आमचा नवीन मुलगा पोर्टलवर फार फास्ट आहे, फक्त समोर बसलेल्या माणसाकडे बघत नाही, स्क्रीनकडे बघूनच "पुढची" म्हणतो. त्याने असंच एका मावशींना "तुमचं होत नाही" म्हणून बाजूला बसवलं होतं, तेव्हा माझं लक्ष गेलं.

मावशी रेशन दुकानातून परत आल्या होत्या. थंब लागत नाही म्हणे. नुसता अंगठा दाबून बघतात आणि "आधार सेंटरला जा" म्हणून हाकलतात, याचा मला भयंकर राग येतो, कारण हे जमवता येतं. भांडी घासणाऱ्या बाईची उजव्या हाताची पहिली बोटं तारेच्या घासणीने आणि साबणाने गुळगुळीत झालेली असतात, त्यावर मशीनला रेषाच सापडत नाहीत. मग कोमट पाण्याने हात धुवायचे, नीट कोरडे करायचे, बोट कपाळावरून फिरवायचं म्हणजे जरासं तेल येतं, मशीनची काच पुसायची, आणि डाव्या हाताची अनामिका लावायची कारण ते बोट कामात सगळ्यात कमी येतं. आणि दाबायचं नाही! जोरात दाबलं की उरल्यासुरल्या रेषा पण चपट्या होतात. मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले, दुकानदार तोंड वाकडं करून उभा, आणि डाव्या अनामिकेवर मशीनने पावती सोडली. मला या गोष्टीचा जरा जास्तच अभिमान आहे, असू दे.

परत येताना त्यांनी सहज सांगितलं की लाडकी बहीणचे पैसे बंद झालेत. ती योजना 21 ते 65 वयाची. आधारवर जन्म 1 जानेवारी 1960, म्हणजे 2025 उजाडलं आणि त्या कागदावर 65 च्या झाल्या. मी म्हटलं खरं वय किती, तर म्हणाल्या, "पानशेत फुटलं तेव्हा मी चार महिन्यांची होते, आईने मला कडेवर घेऊन नदीकाठचं घर सोडलं." पानशेतचा पूर 12 जुलै 1961 चा. म्हणजे ऑपरेटरच्या अंदाजाने त्या वर्ष-सव्वा वर्ष आधीच म्हाताऱ्या झाल्या. आता आधारवरची तारीख बदलायला जन्माचा दाखला हवा, तो नाही, महापालिकेचं जुनं रजिस्टर शोधायला लावलं तरी सापडेपर्यंत त्या खरोखरच 65 च्या होणार.

पण मला तेव्हा काळजी वाटली नाही. 65 नंतर श्रावणबाळ, म्हणजे सरकारची म्हातारपणची पेन्शन, आहे ना, तिथेही महिन्याला 1500 च मिळतात. मी फॉर्म काढला आणि उत्पन्नाच्या रकान्याशी आले.

लाडकी बहीणला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. श्रावणबाळला, नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत नसेल तर, 21 हजार. वर्षाला. दोन्हीकडे सरकार देणार तेच 1500. महिन्याला 1750 रुपयांत पुण्यात माणूस जगतो असं कागदावर दाखवायचं. मावशी एकट्या राहतात, सोसायटीत दोन घरची धुणीभांडी करतात, 3500 मिळतात, म्हणजे वर्षाचे 42 हजार. कार्ड केशरी, यादीत नाव नाही. सगळे काय करतात ते सांगते, स्वयंघोषणापत्रावर 20 हजार लिहितात. अर्जदाराला माहिती, आम्हाला माहिती, उत्पन्नाचा दाखला देणाऱ्या ऑफिसलाही माहिती. त्या ऑफिसात एका क्लार्कने मला एकदा हसत हसत विचारलं होतं, "ताई, तुमच्या वस्तीत सगळ्यांचा पगार सारखाच कसा हो?" मर्यादा वर्षानुवर्षं तिथेच अडकलीय, त्यावर हसणं सोपं आहे.

मी नेहमीसारखं म्हटलं, मावशी, इथे 20 हजार लिहू आणि काम करत नाही, मुलगी बघते असं सांगू.

"का? मी काम करते की."

मी समजावलं, असं लिहिलं तरच मिळतं, तुमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी असंच लिहिलंय. हे सांगताना पाटीवरचं पाठ म्हणावं तसं वाटत होतं.

"अगं ताई, तुला राग नको येऊ देऊ. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून मी कुणाच्या दारात हात नाही पसरला, भांडी घासली. आता म्हणायचं मी काहीच करत नाही, मुलीच्या जिवावर खाते? माझी पोरगी मला खाऊ घालते असं लिहिलं तर तिच्या सासरी काय वाटेल? आणि त्या सोसायटीच्या मॅडमना कुणी विचारलं तर त्या खोट्यात पडतील का मी?"

मॅडमबद्दल त्यांना एवढी काळजी. मॅडमनी म्हणे तीन वर्षं पगार वाढवला नाही पण दिवाळीला साडी न चुकता देतात.

आमच्या मुलाने मान वर न करता म्हटलं, "मावशी, सही करा ना, सगळे करतात." मी त्याच्यावर खेकसले, आणि मग लक्षात आलं की तो तेच बोलतोय जे मी दोन मिनिटांपूर्वी बोलले होते, फक्त जरा कमी गोड.

मावशींनी सही केली नाही. फॉर्मची घडी घालून आपल्या पिशवीत, लॅमिनेट केलेल्या आधारशेजारी ठेवला, आणि म्हणाल्या की 42 हजार लिहून मिळत असेल तर सांग. मिळत नाही. मी वरच्या बाईंना विचारलं, संस्थेच्या मीटिंगमध्ये पण काढलं. एकीने स्पष्टच सांगितलं, तत्त्वं पोटभर जेवलेल्यांना परवडतात, तू तिला पटवायला हवं होतंस. दुसरी म्हणाली आपण लोकांकडून खोटं लिहून घेणारं सेंटर नाही. जणू आजवर घेतलंच नाही! मला दोघींचंही अर्धं अर्धं पटतं आणि त्यानेच डोकं फिरतं. 1500 म्हणजे मावशींच्या पगाराच्या निम्म्याजवळ, गुडघे दुखतायत, एक घर सोडता आलं असतं. पण ज्या बाईची बोटं झिजल्यामुळे मशीन तिला ओळखत नाही, तिच्याकडूनच "काम करत नाही" असं लिहून घ्यायचं, आणि ते मी लिहून घ्यायचं?

मर्यादा वाढवा म्हणून आम्ही सह्यांचं निवेदन दिलंय. नगरसेवकाच्या माणसांनी त्याच्याबरोबर फोटो काढला आणि पुढच्या आठवड्यात वस्तीत मोठा बॅनर लागला, मोफत दाखले शिबिराचा. शिबिरात दाखला होता 21 हजारांच्या आतलाच.

मावशी दर शनिवारी बचत गटाला येतात, शंभर रुपये भरतात, माझ्याशी नीट बोलतात, फॉर्मचा विषय काढत नाहीत. मुलीचा मात्र फोन आला होता, ताई, आईला न सांगता काही करता येतं का. मी नाही म्हटलं, सही त्यांचीच लागते. परवा कळलं की ती हडपसरला एका एजंटला भेटून आलीय, तो म्हणे "सगळं" करून देतो, दोन हजारात. तिला फोन करायचाय. काय सांगायचं तेच ठरत नाहीये.