घाट चढतानाच गळणारं ऑइल: तीन दिवसांच्या प्रवासात लागलेला शोध

महिनाभर गाडीखाली अधूनमधून ऑइलचे ठिपके दिसत होते. म्हणून निघायच्या आदल्या रात्री इंजिनखाली मोठा पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत. त्याच्या भरवशावर मी आणि ताई निघालो. जाऊन-येऊन साधारण 900 किलोमीटर, वाटेत दोन मोठे घाट. गाडी जुनी, पेट्रोलवरची. इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं आणि गिअरबॉक्स त्याच्या पाठीमागे. ही रचना लक्षात ठेवा, पुढचा सगळा उलगडा तिच्यावरच आहे.

सपाटीवरचे पहिले 150 किलोमीटर निर्धास्त गेले. पहिला घाट अर्धा चढलो असू, तेवढ्यात ताई म्हणाली, "अरे, थांबव बघू. काहीतरी जळतंय." गाडी रुंद जागा बघून बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि बॉनेट उघडलं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून, म्हणजे इंजिनमधला जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडावरून, बारीक निळसर धूर निघत होता. तिथला धातू चालत्या गाडीत काहीशे अंशांपर्यंत तापतो. त्यावर तेल पडत असेल तर वासावर भागेलच असं नाही, आगही लागू शकते. असा वास आला की पुढच्या गावापर्यंत ओढू नका, तिथेच थांबा.

पाच-सात मिनिटं थांबून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पाहिली. चढावर उभ्या गाडीत ती खोटं सांगते, म्हणून त्यातल्या त्यात समतल जागी गाडी नेऊन पुन्हा पाहिली. सकाळी वरच्या खुणेवर असलेलं ऑइल आता दोन खुणांमधलं पाव अंतर खाली आलं होतं. बऱ्याच गाड्यांत या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो, म्हणजे पाव लिटर गेलं होतं. सोबत एक लिटरचा डबा होता, त्यातून गेलं होतं तेवढंच भरून निघालो. मात्र ऑइलचा लाल दिवा लागला तर डिपस्टिकचा विचारही नंतर करा. तो दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. तो लागला की इंजिन त्याच क्षणी बंद करायचं.

घाट संपल्यावर एका गॅरेजमध्ये गाडी वर घेतली. मेकॅनिकने खालून बॅटरी मारून पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडले जातात तिथे, बेल हाउसिंगच्या तळाशी थेंब लोंबत होता. तो म्हणाला, मागचं क्रँक सील (इंजिनचा मुख्य दांडा मागे बाहेर येतो तिथली ऑइल अडवणारी रिंग) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. थेंब पाहून कुणीही हेच म्हणेल. पण माझ्या डोक्यात मॅनिफोल्डवरचा धूर होता. क्रँक सील खाली, मॅनिफोल्ड वर. सीलमधून गळणारं तेल वर चढून मॅनिफोल्डवर जाणार कसं? वरून आलेलं तेल मात्र ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत बेल हाउसिंगपर्यंत सहज पोहोचतं. गळती शोधताना थेंबाची जागा बघू नका, सगळ्यात वरची ओली जागा बघा. शिवाय चालत्या गाडीत वारा तेल मागे ढकलतो, त्यामुळे उगम बहुधा थेंबाच्या वर आणि पुढेच सापडतो.

मुक्कामी पोहोचल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं आणि साफसफाईला बसलो. अल्टरनेटर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकने बांधलं, डीग्रीझर मारला, ब्रशने घासलं आणि हलक्या धारेने धुतलं. जोराचा फवारा कनेक्टरमध्ये पाणी घालतो, तो टाळा. सगळं सुकल्यावर टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) कडेने, ऑइल प्रेशर स्विचभोवती, ऑइल फिल्टरच्या गळ्याशी आणि चेंबरच्या (तळाच्या ऑइलच्या भांड्याच्या) जोडावर टाल्कम पावडर भुरभुरली. हे काम कंटाळवाणं आहे, दीड तास गेला, पण ते केल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. सवड असेल तर ऑइलमध्ये टाकायचा चमकणारा रंग मिळतो. तो घालून गाडी फिरवली की अतिनील टॉर्चखाली गळतीची वाट पिवळट-हिरवी चमकते. आमच्याकडे तो नव्हता, पावडरवर भागवलं.

दुसऱ्या दिवशी आधी 20 किलोमीटर सपाटीवर चालवली. थांबून पाहिलं, पावडर पांढरीशुभ्र. मग दुसरा घाट. सहा किलोमीटर चढलो आणि थांबलो. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, मॅनिफोल्डच्या बाजूला, डोळ्यांना थेट दिसत नाही अशा जागी छोटा आरसा धरला. पावडरमध्ये सुपारीएवढा तपकिरी डाग पडला होता आणि त्यातून केसासारखी ओली रेघ खाली गेली होती. प्रेशर स्विच कोरडा, फिल्टर कोरडा. महिनाभराचा प्रश्न त्या एका रेघेत सुटला. मी ताईला आरशातून ती दाखवली आणि फोटो काढून ठेवला.

चढावरच का? गाडीचं तोंड वर गेलं की हेडमधलं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातलं, ऑइल मागच्या बाजूला साचतं आणि त्या कोपऱ्यातलं कव्हरखालचं रबरी पॅकिंग तेलात बुडतं. त्यात इंजिनवर भार, म्हणजे पिस्टनच्या बाजूने खाली निसटणारे वायूही जास्त. गॅरेजमध्ये समतल जागी आयडलवर (उभ्या जागी, इंजिन नुसतं चालू) ठेवलेली गाडी ही गळती दाखवणारच नाही. तुमचीही फक्त घाटात किंवा फक्त हायवेवर गळत असेल, तर तपासायच्या आधी तशीच चालवा.

पॅकिंग बदलण्याआधी एक गोष्ट जरूर तपासा, ती म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिनच्या पोटात साठणारे वायू तो इनटेककडे ओढून घेतो. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि जिथे पॅकिंग कमजोर असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर कागद धरला. कागद हलकासा आत ओढला जायला हवा होता, आमचा फडफडत बाहेर उडाला. व्हॉल्व्ह काढून हलवला तर खडखड आवाज नाही, आत काळा चिकट थर.

व्हॉल्व्ह आणि पॅकिंग दोन्ही मुक्कामीच बदललं. जुनं पॅकिंग वाकवताच तुटलं, रबराचं प्लॅस्टिक झालं होतं. नवं बसवताना दोन्ही पृष्ठभाग पुसून कोरडे करा. सीलंट कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या कोपऱ्यांतच लावा, कारण जादा लावलेलं आत तुटून ऑइलच्या जाळीत अडकू शकतं. बोल्ट मधून सुरू करून कडेकडे, थोडे थोडे आवळा. बऱ्याच इंजिनांत हे बोल्ट जेमतेम 8 ते 12 न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) इतकेच आवळायचे असतात, आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या. ताकद लावली तर कव्हर वाकतं आणि नवं पॅकिंगही गळतं.

तिसऱ्या दिवशी परतताना पहिले 30 किलोमीटर थोडा वास येतच होता. मॅनिफोल्डवर उरलेलं जुनं तेल जळत होतं, त्याने घाबरू नका. दोन्ही घाट पुन्हा चढून उतरलो. घरी आल्यावर पुठ्ठा पुन्हा गाडीखाली सरकवला आणि बेल हाउसिंगच्या तळाशी बोट फिरवून पाहिलं. कोरडं होतं.