फुकटचे पेन आणि लाल टोपीची सिरिंज

वेर्णा आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने आणि तिथून फार लांब नाही ते बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे सरकारी इस्पितळ. एकाच घरातला मुलगा कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आणि सून इस्पितळात नर्स, याचे गोव्यात कुणाला नवल वाटत नाही. त्यामुळे 'कंपनीवाले' हा शब्द इथल्या डॉक्टरांच्या तोंडी शिवीसारखा येत नाही, जरा जपून येतो एवढेच. मात्र जपायचे नेमके कशापासून, यावर ओपीडीतला डॉक्टर आणि औषधभांडारातला फार्मासिस्ट यांचे सहसा जुळत नाही.

डॉक्टरला समोर दिसतो तो एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रचार करणारा प्रतिनिधी. त्याच्यासाठी केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने १२ मार्च २०२४ रोजी विपणनाची एकसमान संहिता काढली. डॉक्टरला किंवा त्याच्या घरच्यांना भेटवस्तू नाही, वक्ता नसेल तर प्रवास-हॉटेल नाही, परदेशात परिषद नाही. मोफत नमुन्याच्या एका पाकिटात तीन रुग्णांपुरताच कोर्स आणि एका डॉक्टरला एका औषधाची वर्षाला फार तर १२ पाकिटे. म्हणजे ३६ रुग्ण. सरकारी ओपीडीत एवढे रुग्ण एका सकाळीही होतात. नमुना रुग्णाची गरज भागावी म्हणून नसतोच, ब्रँडचे नाव लिहायची सवय डॉक्टरच्या हाताला लागावी, यासाठी असतो. तक्रार करायची तर ती कंपन्यांच्याच संघटनेच्या नीतिसमितीकडे, म्हणजे ऐकणारे हे ज्याच्यावर तक्रार त्याचेच भाऊबंद. त्यापेक्षा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२२ चा निकाल कंपन्यांना जास्त झोंबला असावा: डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च प्राप्तिकरात वजा करता येणार नाही, असे त्यात ठरले.

फार्मासिस्टला या कॅलेंडर-पेनस्टँडचे फारसे काही वाटत नाही. त्याचे लक्ष असते ते निविदेला वळसा घालून आत येणाऱ्या वस्तूंवर. निविदेत औषध जेनेरिक नावाने, म्हणजे ब्रँडच्या नव्हे तर मूळ औषधाच्या नावाने मागवतात. किती मिलिग्रॅम, गोळी की इंजेक्शन, किती मुदत शिल्लक हवी, बॅचचा चाचणी अहवाल, सगळे लिहिलेले असते. 'मोफत' आलेल्या वस्तूला हे प्रश्न विचारायचे म्हटले की सगळ्यांनाच अवघडल्यासारखे होते.

इन्सुलिनचेच घ्या. सरकारी पुरवठ्यातली कुपी बहुधा १० मिलिची, दर मिलिला ४० युनिटची, म्हणजे एकूण ४०० युनिट. इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये बसणारे कार्ट्रिज, म्हणजे इन्सुलिनची भरलेली नळी, ३ मिलिचे, दर मिलिला १०० युनिटचे. रुग्णांसाठीच्या एखाद्या उपक्रमात कंपनी हे पेन फुकट देते. त्यात बहुतेकदा त्याच कंपनीचे कार्ट्रिज बसते. उपक्रम सरला की रुग्णाकडे पेन उरते, कार्ट्रिज स्वतः विकत घ्यायचे किंवा कुपीवर परतायचे. गडबड होते ती इथेच. पेन बिघडले म्हणून कुणी घरातल्या लाल टोपीच्या, ४० वाल्या (म्हणजे कुपीसाठीच्या) सिरिंजने कार्ट्रिजमधून २० च्या रेघेपर्यंत इन्सुलिन ओढले, तर अर्धा मिलि येते, म्हणजे ५० युनिट. अडीचपट डोस, आणि साखर धाडकन खाली. उलट केशरी टोपीच्या, १०० वाल्या सिरिंजने कुपीतून २० ची रेघ भरली, तर जेमतेम ८ युनिट मिळतात आणि साखर चढतीच राहते. चिठ्ठीवर नुसते 'इन्सुलिन २० युनिट' लिहून भागत नाही. कुपी की कार्ट्रिज, आणि सिरिंज कुठल्या रंगाची, हेही लिहावे लागते. उपक्रमाच्या झगमगीत पत्रकावर ही ओळ असायला हवी, पण तिथे फोटोंनाच जागा पुरत नाही.

प्रयोगशाळेतल्या यंत्राचीही तीच गत. यंत्र मोफत, रसायने मात्र त्याच कंपनीची घ्यायची. प्रति चाचणी दर स्वस्त वाटतो, पण कॅलिब्रेशन (यंत्राची जुळवणी), कंट्रोल (यंत्र बरोबर मोजते का याची तपासणी) आणि पुन्हा कराव्या लागलेल्या चाचण्या त्यात धरल्या आहेत का, हे विचारावे. समजा, १०० चाचण्यांचा संच उघडल्यावर १४ दिवसच टिकतो आणि काणकोणसारख्या ठिकाणी ती चाचणी दिवसाला पाचच होते. ७० वापरल्या, ३० गटारात. लहान केंद्राला मोठे यंत्र सोसत नाही ते यामुळे. यंत्रात खोट असतेच असे नाही.

दान आलेल्या औषधांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा साधा निकष आहे: पोहोचताना निदान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. मुदत संपत आलेला साठा घेतला की तो नोंदवायचा, वेगळा ठेवायचा आणि शेवटी नियमाप्रमाणे नष्ट करायचा, हे काम आणि खर्च इस्पितळाच्या गळ्यात पडतो.

म्हणून अशा मोफत वस्तूंबाबत कंपनीशी करारावर सही होण्याआधी कागद भांडारात फिरवावा, असे माझे मत. किती नग, कुठल्या तारखेपर्यंत, त्यानंतर रुग्णाला काय द्यायचे आणि ते कुठल्या बजेटमधून, रुग्णांची माहिती कंपनीकडे जाणार का, यंत्र बंद पडले तर किती तासांत माणूस येणार. यातल्या दुसऱ्या प्रश्नानंतर कंपनीचा माणूस 'वरिष्ठांना विचारून सांगतो' म्हणाला, तर ते उत्तर तारखेसह फाइलला लावून ठेवावे.