तुम्ही विचारलंत म्हणून: ‘चॅप्टर १३’ घेतल्यावर आपल्या हातात काय उरतं?

चॅप्टर १३ म्हणजे अमेरिकेच्या बँकरप्सीच्या, अर्थात दिवाळखोरीच्या, कायद्यातला एक मार्ग. त्याच्या सह्यांच्या दिवशी हा प्रश्न हमखास येतो, आणि वकील खोलीबाहेर गेले की मगच येतो. टेबलावर पिटिशनचा गठ्ठा असतो, सही करायच्या प्रत्येक पानाला पिवळी चिठ्ठी लावलेली असते. माणूस पेन खाली ठेवतो, बायकोकडे एकदा बघतो आणि हळूच मराठीत विचारतो, ‘ताई, ही सही केली की घर ट्रस्टीचं होणार ना? मग आपल्या हातात काय उरणार?’

न्यू जर्सीत बँकरप्सीच्या केसेस चालवणाऱ्या वकिलांच्या ऑफिसात मी चौदा वर्षं पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस, आहे. मंडळाच्या कार्यक्रमात, फोनवर, कुणाच्या तरी ओळखीतून हाच प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. मी वकील नाही. तुमच्या केसचा सल्ला तुमच्या वकिलांकडूनच घ्या. पुढे जी माणसं येतात त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आधी ही भीती येते कुठून ते सांगते. बँकरप्सी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चॅप्टर ७ असतं. त्यात ट्रस्टी, म्हणजे केस सांभाळायला नेमलेला माणूस, खरंच तुमची मालमत्ता ताब्यात घेतो आणि कायद्यानं वाचवलेलं सोडून बाकीचं विकून देणेकऱ्यांना, म्हणजे ज्यांचे पैसे तुम्ही देणं लागता त्यांना, वाटू शकतो. चॅप्टर १३ ची घडण वेगळी आहे. नियमित उत्पन्न असलेला माणूस तीन ते पाच वर्षांचा प्लॅन देतो, दर महिन्याला ट्रस्टीकडे हप्ता भरतो, ट्रस्टी तो ठरल्याप्रमाणे वाटतो. प्लॅन पुरा झाला की क्रेडिट कार्ड, दवाखान्याची बिलं अशांपैकी जे फिटलं नाही ते बहुतेक सगळं माफ होतं. कर्जाला मर्यादा आहे: १ एप्रिल २०२५ पासून विनातारण कर्ज ५,२६,७०० डॉलर आणि तारणाचं १५,८०,१२५ डॉलर, यांच्या आत असावं लागतं.

घर, गाडी, बँकेतलं खातं हे सगळं या काळात तुमच्याच ताब्यात राहतं. बँकरप्सी कायद्याच्या कलम १३०६ मध्ये हे सरळ लिहिलंय. प्लॅन मंजूर झाला की, प्लॅनमध्ये किंवा हुकमात वेगळं काही म्हटलं नसेल तर, मालमत्ता पुन्हा तुमच्या मालकीची होते. ट्रस्टी हप्ता गोळा करतो, हिशेब तपासतो, प्लॅनमध्ये खोट दिसली तर हरकत घेतो. पण तो तुमच्या घराचा मालक होत नाही.

आणि ही केस सुरू करणं फक्त तुमच्याच हातात असतं. देणेकरी तुम्हाला चॅप्टर ७ मध्ये ओढू शकतात, १३ मध्ये नाही. काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, १९७८ चा बँकरप्सीचा कायदा केला तेव्हा त्यामागचं कारणही नोंदवून ठेवलं: माणसाच्या पुढच्या कमाईवर त्याच्या मनाविरुद्ध असा प्लॅन लादला तर ती वेठबिगारी ठरेल, आणि वेठबिगारी तर अमेरिकेनं १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनंच बंद केली आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबून पुन्हा वाचलं. समोर मान खाली घालून बसलेल्या माणसाला मी हे नेहमी सांगते. तुम्हाला इथे कुणी आणून बसवलेलं नाही, आणि कायद्याला तसं चालतही नाही. प्लॅनसुद्धा फक्त तुम्हीच मांडायचा. मुख्यतः कंपन्या वापरतात त्या चॅप्टर ११ मध्ये देणेकरी स्वतःचा प्लॅन पुढे करू शकतात, इथे तशी सोयच नाही. हरकत घ्या म्हणावं, पण पान तुम्ही लिहायचं.

आता कलम १३०३. लोकांना सगळ्यात कमी ठाऊक असलेलं कलम हेच. नेहमीच्या व्यवहाराबाहेर मालमत्ता विकण्याचा, वापरण्याचा किंवा भाड्यानं देण्याचा ट्रस्टीचा जो अधिकार, तो चॅप्टर १३ मध्ये कर्जदाराला मिळतो, आणि तो ट्रस्टीला वगळून मिळतो. म्हणजे घर विकायचं की नाही, कधी, कुणाला, हे तुम्ही ठरवायचं. कोर्टाची परवानगी लागते, सगळ्यांना एकवीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, येणाऱ्या पैशाचं काय हे ट्रस्टी विचारतो आणि त्यानं विचारावंच. पण ट्रस्टी आपण होऊन तुमच्या दारात ‘विकणे आहे’ची पाटी रोवू शकत नाही.

आमच्याकडे एक वहिनी होत्या. नवरा गेलेला, प्लॅनचं तिसरं वर्ष चालू. मुलगा टेक्सासला नोकरीला लागला आणि त्यांना त्याच्याजवळ जायचं होतं. दोन वर्षं त्या गप्प बसल्या होत्या, कारण कुणीतरी सांगितलं होतं की केस संपेपर्यंत घराला हात लावता येत नाही. बाजार चांगला होता, घराची किंमत त्यावरच्या कर्जाच्या वर गेलेली होती. अर्ज केला, नोटीस गेली, कुणाची हरकत आली नाही, कोर्टानं परवानगी दिली. क्लोजिंगच्या, म्हणजे विक्री पुरी होण्याच्या, दिवशी विकणाऱ्याच्या जागी सही त्यांची होती. ट्रस्टी खोलीत नव्हता. प्लॅनमधलं देणं त्याच पैशातून चुकतं झालं आणि उरलेली रक्कम त्यांच्या खात्यात आली. ती दोन वर्षं मात्र त्यांना कुणी परत देऊ शकलं नाही, आणि मला ते अजून लागून राहिलंय.

घराचे थकलेले हप्ते प्लॅनमधून फेडता येतात, लिलाव होऊन जाईपर्यंत. लिलाव झाल्यावर आलेल्या माणसाला आम्हाला जवळजवळ नेहमीच हात हलवत परत पाठवावं लागतं, म्हणून शेरीफ सेलची, म्हणजे या लिलावाची, तारीख आली की एक दिवसही घालवू नका. राहत्या घराच्या पहिल्या गहाणाच्या अटी मात्र बदलता येत नाहीत, सुप्रीम कोर्टानं १९९३ मध्ये तो दरवाजा बंद केला. दुसऱ्या गहाणाची गोष्ट निराळी. घराच्या आजच्या किमतीत पहिलंच गहाण पुरं बसत नसेल, दुसऱ्याच्या वाट्याला एक डॉलरही उरत नसेल, तर ते दुसरं गहाण विनातारण कर्जासारखं धरता येतं. आमच्या भागाला लागू असलेल्या तिसऱ्या सर्किटच्या, म्हणजे विभागाच्या, अपील कोर्टानं हे २००० साली मान्य केलं. पण ते आपोआप होत नाही. घराची किंमत ठरवून मागावं लागतं.

कोर्टाच्या निकालानं घरावर बसलेला बोजा तुम्हाला मिळणारी सूट, म्हणजे कायद्यानं तुमच्यासाठी वाचवलेला भाग, खात असेल तर तो उठवण्याचा अर्जही कर्जदारानंच करायचा. केसआधीच्या नव्वद दिवसांत पगारातून जप्तीनं कापलेले पैसे, रक्कम किमान सहाशे डॉलरची असेल आणि सूट मिळण्याजोगी असेल, तर ट्रस्टी हालत नसताना कर्जदार स्वतः परत मागू शकतो. न्यू जर्सीत मालमत्ता कर थकला की ते देणं विकत घेणाऱ्याच्या नावावर अख्खं घर जायचं, घराची किंमत करापेक्षा कितीतरी जास्त असली तरी. याच तिसऱ्या सर्किटच्या कोर्टानं २०१९ मध्ये म्हटलं की असं हस्तांतर केसआधीच्या नव्वद दिवसांच्या आत झालेलं असेल तर बँकरप्सीत ते उलटवता येतं. ट्रस्टीचे असे व्यवहार उलटवण्याचे सगळेच अधिकार कर्जदाराला आहेत का, यावर देशभरातल्या कोर्टांचं एकमत नाही. बहुतेक कोर्टं नाही म्हणतात. म्हणून ‘सगळं मिळतं’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आपल्या लोकांना सतावणारी आणखी एक गोष्ट म्हणजे मेहुण्याची सही. कर्जाला भाऊ, मेहुणा, मित्र जामीन राहिलेला असतो आणि त्याच्यापर्यंत वसुलीवाले पोचणार या लाजेनं माणूस वर्षभर केस टाळतो. घरगुती गरजेसाठी काढलेलं कर्ज असेल तर चॅप्टर १३ मध्ये सहकर्जदारालाही संरक्षण मिळतं. चॅप्टर ७ मध्ये ते नाही. प्लॅनमधून ते कर्ज जितकं फिटणार नाही तितक्यापुरतं देणेकरी कोर्टाकडे परवानगी मागू शकतो, त्यामुळे ते कर्ज प्लॅनमध्ये कसं बसवायचं याचा विचार आधी करायचा.

गाडी उचलून नेली असेल तर? २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं शिकागोच्या गाड्यांच्या प्रकरणात सांगितलं की केसआधी नेलेली गाडी नुसती अडकवून ठेवणं म्हणजे स्थगितीचा, म्हणजे केस दाखल होताच वसुलीवर येणाऱ्या बंदीचा, भंग नव्हे. ती परत मागायला पूर्वी वेगळा दावा लावावा लागे, आणि नोकरीवर जायला गाडीच नसलेल्या माणसाला तेवढा वेळ कुठला? १ डिसेंबर २०२४ पासून नियम बदलला, साध्या अर्जावर मागता येते.

बाहेर पडण्याबद्दल लोक विचारतच नाहीत, कारण तसं काही असेल असं त्यांना वाटतच नाही. तुम्ही केस चॅप्टर ७ मध्ये कधीही बदलून घेऊ शकता, किंवा केस दुसऱ्या चॅप्टरमधून आलेली नसेल तर ती काढून टाका असं कोर्टाला म्हणू शकता. हा हक्क मी सोडतो असं कुणी आधी लिहून घेतलं असेल तरी ते चालत नाही. केस चॅप्टर ७ मध्ये गेली तेव्हा ट्रस्टीकडे पगारातले वाटायचे राहिलेले पैसे कुणाचे, हा वाद २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टात गेला होता. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी एकमताचा निकाल लिहिला: कर्जदाराचे. दुसरी बाजूही सांगायला हवी. केस काढून घेतली की कर्जं आहेत तिथेच असतात, व्याजासकट. देणेकऱ्यानं स्थगिती उठवायचा अर्ज केल्यानंतर तुम्ही आपण होऊन केस काढलीत तर पुढचे १८० दिवस नवीन केस करता येत नाही. आणि वर्षाच्या आत पुन्हा आलात तर स्थगिती तीसच दिवसांची, वाढवून मागावी लागते.

उत्पन्न घटलं, आजारपण आलं, तर आधी प्लॅन बदलून मागा. मंजुरीनंतरही ते करता येतं. हप्ता चुकवून गप्प बसलेली केस बुडते, आणि ते मी फार वेळा पाहिलंय.

हे अधिकार मिळतात ते सगळं उघड करून ठेवण्याच्या बदल्यात. कायदा मालमत्ता जगात कुठेही असली तरी मोजतो, म्हणून पुण्यातला फ्लॅट, गावच्या सामाईक जमिनीतला वाटा, आईसोबतचं जॉइंट खातं, सगळं लिहायचं. चॅप्टर ७ मध्ये देणेकऱ्यांना जितकं मिळालं असतं त्यापेक्षा कमी देणारा प्लॅन मंजूर होत नाही, त्यामुळे फ्लॅटनं हप्ता वाढू शकतो. वाढू द्या. शपथेवर लपवणं हा गुन्हा आहे. अपघाताचा दावा लिहायला विसरलेल्या माणसाला पुढे कोर्टानं तो दावाच चालवू न दिल्याचंही होतं.

शेवटी ज्या कामासाठी मी स्वतः लोकांच्या मागे लागते ते सांगते. केस दाखल झाल्यापासून सत्तर दिवसांच्या आत बहुतेक देणेकऱ्यांना आपापले दावे नोंदवावे लागतात. त्या मुदतीनंतर मी प्रत्येक माणसाला बोलावते, दाव्यांची यादी छापून त्याच्यासमोर ठेवते आणि हातात पेन्सिल देते. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर अलाबामातल्या एका बाईंची केस आली होती. १,८७९.७१ डॉलरचा दावा, शेवटचा व्यवहार दहा वर्षांपेक्षा जुना, तिथली मुदत सहा वर्षांची. कोर्ट म्हणालं, मुदत संपलेला दावा उघडपणे नोंदवणं हे वसुलीच्या कायद्याखाली फसवणूक ठरत नाही. मुदत संपल्याची हरकत घेता येते, पण ती कुणीतरी घ्यायला हवी. कुणी घेतलीच नाही तर दावा मान्य धरला जातो आणि तुमच्या हप्त्यातून त्याचे पैसे जातात.

मागच्याच महिन्यात एक काका असे बसले होते. बावीस दावे. पहिली चार पानं त्यांनी नुसती उलटली, मग म्हणाले, ‘तुम्हीच बघा हो ताई, मला काय कळतंय.’ मी म्हटलं, ‘काका, हे कर्ज कधी काढलं ते फक्त तुम्हाला माहितीय.’ मग चष्मा लावला. सातव्या दाव्यावर पेन्सिल थांबली. कंपनीचं नाव कधी न ऐकलेलं, पण खात्याचे शेवटचे चार आकडे त्यांना पाठ होते. मुलीच्या पहिलीच्या वर्षी घेतलेलं दुकानाचं कार्ड. मुलगी आता नोकरीला लागली आहे. त्यांनी आकड्याभोवती गोल केला, पान माझ्याकडे सरकवलं आणि आठव्या दाव्याकडे वळले.