तुम्ही विचारलंत म्हणून: एका वॉर्निंगला दोन दिवस कशाला?

“मॅडम, एक शून्य टाकलं की वॉर्निंग जाते. मग तुम्ही दोन-दोन दिवस काय बघत बसता?” इंजिनिअरिंगची काही मुलं रविवारी जुळे सोलापुरात आमच्या घरी लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड वाचायला येतात. कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरला किंवा कोड तपासणाऱ्या टूलला कुठे शंका आली की ते इशारा देतात, तीच ही वॉर्निंग. त्यांच्यातलं कुणीतरी हे विचारतंच. खरंच कळत नाही म्हणून विचारतात, तेव्हा नीट सांगते.

माझा पहिला पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, याच शून्याचा होता. एका ड्रायव्हरमध्ये, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या कोडमध्ये, ‘रेट’ (ret, ‘रिटर्न’चं लघुरूप) नावाचं व्हेरिएबल होतं, सुरुवातीला त्यात काहीच भरलेलं नव्हतं. पुढे लूप: उपकरणाचा एकेक पोर्ट सुरू करायचा, निकाल रेटमध्ये ठेवायचा, चूक आली की बाहेर पडायचं. शेवटी रेट परत द्यायचा. कंपायलर म्हणत होता, हे न भरताच वापरलं जाऊ शकतं. मी वरच शून्य भरलं, वॉर्निंग गेली, पॅच पाठवला. तपासणाऱ्याने एकच ओळ लिहिली: एकही पोर्ट नसेल तर?

पुन्हा कोड उघडला. पोर्ट नसतील तर लूप एकदाही फिरणार नाही आणि शून्य तसंच परत जाणार. कर्नलमध्ये शून्य परत येणं म्हणजे काम फत्ते. चूक असेल तर ऋण आकडा. म्हणजे काहीही सुरू न करता माझा ड्रायव्हर ‘झालं’ म्हणून सांगणार होता. लूपच्या आधीच ‘उपकरण नाही’ असा एरर द्यायला हवा होता. शिवाय उद्या कुणी त्या फंक्शनमध्ये नवी वाट जोडली आणि रेट भरायला विसरला, तरी कंपायलर आता बोलणार नव्हता. त्याचं तोंड मीच बांधलं होतं. ते आजही मला लागतं.

ही 2020 च्या आधीची गोष्ट. त्या वर्षी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी हीच वॉर्निंग नेहमीच्या बिल्डमधून काढून टाकली, कारण जीसीसी या कंपायलरच्या खोट्या तक्रारी फार झाल्या होत्या. टूल चुकतं, हे मला मान्य आहे. पण ती तक्रार खोटी का, हे पॅचसोबत दोन ओळींत लिहिता आलं पाहिजे.

पॉइंटरचं प्रकरण याहून अवघड. पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल; त्यात खरा पत्ता नसेल तर तो नल. डॅन कार्पेंटर यांचं स्मॅच हे टूल ‘आधी वापरला, मग तपासला’ अशी तक्रार करतं. मुलं पटकन तपासणीची ओळ उडवतात: वर वापरलाय म्हणजे नल नसणारच. हाच तर्क जीसीसीने टन (TUN) या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये केला होता. तिथे पॉइंटरमधून आधी वाचलं होतं आणि तो नल आहे का ते नंतर पाहिलं होतं. कंपायलरने ती तपासणी निरर्थक समजून काढली. त्या भोकातून साध्या वापरकर्त्याला रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, होता येतं, हे 2009 मध्ये उघड झालं. तेव्हापासून अशा तपासण्या उडवू नकोस, असा फ्लॅग, म्हणजे कंपायलरला सूचना, देऊनच कर्नल बांधतात.

म्हणून आधी बघायचं, हे फंक्शन कोण कोण बोलावतं. सगळेच भरलेला पॉइंटर देत असतील, तर तपासणी काढा. एकजरी देत नसेल, तर वाचणं तपासणीच्या खाली न्या. दोन दिवस जातात ते इथे. माझे मामा चादरीच्या मागावर होते. उभा धागा तुटला की नुसती गाठ मारून मोकळे व्हायचे नाहीत; फणीच्या नेमक्या त्याच घरातून तो ओवून घ्यायचे, नाहीतर चादरीवर खालपर्यंत रेघ उमटते.

गेल्या रविवारी एका मुलीने स्पार्सची तक्रार आणली. टोरवाल्ड्स यांनी 2003 मध्ये लिहिलेलं हे टूल वापरकर्त्याकडून आलेला पत्ता कर्नलचा समजून वापरला की ओरडतं. तिने कास्ट टाकून, म्हणजे ‘हा पत्ता दुसऱ्या प्रकारचा समज’ असं कोडमध्ये लिहून, त्याला गप्प केलं होतं. थोडा वेळ स्क्रीनकडे बघून तिने तो कास्ट स्वतःच खोडला आणि विचारलं, “मॅडम, हा पत्ता मुळात येतो कुठून?” आम्ही तिसऱ्या फंक्शनपर्यंत पोचलोय. बाकीचं या रविवारी.