साड्या रोडकडे, धूर बिल्डिंगकडे

बिल्डिंगांभोवती वारा कसा फिरतो आणि धूर कुठे जातो हे कॉम्प्युटरवर काढून देणं हा आमचा धंदा. मध्य पुण्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलचं काम आलं होतं. रस्ता सरळ उत्तर-दक्षिण, रुंदी साधारण १५ मीटर, दोन्ही बाजूंना पाच-पाच मजली बिल्डिंगा एकमेकींना चिकटून, आणि हॉस्पिटल पश्चिमेच्या बाजूला. एसीच्या कन्सल्टंटने ताज्या हवेचा इनलेट पहिल्या मजल्यावर, अगदी रोडवरच्या भिंतीत दाखवलेला. का, तर डक्ट कमी लागतो, आणि त्यांचं लॉजिक असं की पुण्यात उन्हाळ्यात दुपारनंतर वारा पश्चिमेचा, म्हणजे गाड्यांचा धूर आपोआप समोरच्या बिल्डिंगकडे जाणार, आपल्याला काय त्रास. ऐकायला एकदम बरोबर वाटतं हो. मालक डॉक्टरांनाही पटलं होतं, आमच्याकडून फक्त रिपोर्टवर शिक्का हवा होता.

मी ओपनफोमला, म्हणजे हवेचा प्रवाह काढणाऱ्या सॉफ्टवेअरला, रन लावला. बिल्डिंगा ठोकळे म्हणून टाकल्या, पश्चिमेचा वारा दिला, लेनमध्ये धुराचा सोर्स ठेवला (गाड्या मोजून एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेचे एमिशन फॅक्टर, म्हणजे कुठली गाडी किती धूर सोडते ते आकडे, लावले, दुसरं काय), आणि सकाळी येऊन बघतो तर लाल पट्टा, म्हणजे सगळ्यात जास्त धूर, हॉस्पिटलच्याच भिंतीला, बरोबर इनलेटच्या जागी. समोरच्या फुटपाथच्या जवळपास दुप्पट.

या धंद्यात असणाऱ्याला हे नवीन नाही. बिल्डिंगांची उंची भागिले रस्त्याची रुंदी ०.७ च्या वर गेली की वरचा वारा गल्लीत शिरतच नाही, छपरांवरून घसरत जातो आणि खाली एक भोवरा फिरवत ठेवतो, रस्त्याच्या लांबीला आडवं ठेवलेलं लाटणं जागच्या जागी फिरावं तसा. वरची बाजू वाऱ्याबरोबर पूर्वेला, मग समोरच्या भिंतीवरून हवा खाली, मग रस्त्यावरून उलटी पश्चिमेला, वाटेत सगळ्या सायलेन्सरांचा धूर गोळा करत, आणि शेवटी आपल्या भिंतीवरून वर. म्हणजे वारा ज्या बाजूने येतो त्याच बाजूच्या फुटपाथला जास्त धूर. रस्त्यावरचं प्रदूषण मोजायचं डेन्मार्कवाल्यांचं ओएसपीएम मॉडेल याच भोवऱ्यावर उभं आहे.

पण मीटिंगमध्ये एसीवाले साहेब म्हणाले, "अहो, कॉम्प्युटरला काय, तुम्ही सांगाल ते रंग दाखवेल." डॉक्टर हसले. मी म्हटलं चला सर, साइटवरच जाऊ, संध्याकाळी, वारा सुटला की.

लंडनला मेरिलबोन रोडवर असले प्रयोग ट्रेसर गॅस (हवेत सोडून माग काढता येतो असा गॅस) सोडून केलेत, आमचं बजेट धूपकांडीचं. साहेबांना गच्चीवर पाठवलं, वर कुणाच्या तरी साड्या वाळत होत्या. मी खाली फुटपाथच्या कडेला वॉचमन काकांच्या स्टुलावर धूप पेटवून बसलो, फोन स्पीकरवर. "साड्या कुठे उडतायत?" "रोडकडे, जोरात. सांगितलं ना तुम्हाला." आणि इथे धूर माझ्या पायांवरून हॉस्पिटलच्या भिंतीकडे सरकतोय, भिंतीला लागला की वर चढतोय. पीएमटी गेली की सगळं विस्कटायचं, रिक्षा घुसली की परत विस्कटायचं, मग पाच-दहा सेकंदांनी पुन्हा तेच, भिंतीकडे आणि वर. डॉक्टर आधी हात बांधून लांब उभे होते, नंतर स्वतःच कांडी घेऊन रस्ता क्रॉस करून गेले, तिथेही धूर भिंत सोडून रोडकडे. ट्रॅफिकमधून ओरडून सांगत होते, "इकडे उलटं आहे!" उलटं नव्हतं, तोच भोवरा होता, पण मी काही बोललो नाही. साहेब खाली आले, दोनदा बघितलं, मग म्हणाले ठीक आहे, पण हेपा फिल्टर लावला की प्रश्न मिटला ना?

आता खरा वाद इथे होता. हेपा कण अडवतो, पण गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड हा गॅस आहे, तो आरपार जातो. उलट पीएम २.५ चं, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचं, म्हणाल तर इनलेट कुठेही न्या, त्यातला मोठा हिस्सा अख्ख्या शहराच्या हवेतलाच, थंडीत तर विचारूच नका, २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे ती काही इनलेट हलवून पाळली जात नाही. म्हणून कणांसाठी फिल्टर आणि गाड्यांच्या गॅससाठी इनलेटची योग्य जागा, दोन्ही लागतं. हे मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, कारण नंतर "तुम्ही तर म्हणाला होतात हवा स्वच्छ होईल" हे ऐकायचं नव्हतं.

इनलेट शेवटी गच्चीवर मागच्या बाजूला गेला, मॉडेलमध्ये तिथे रोडचा वाटा जवळजवळ दिसतच नव्हता. डक्टचा खर्च वाढला त्यावर डॉक्टरांनी थोडी कुरकुर केली, आणि शाफ्टसाठी एक स्टोअररूम गेली ते मेट्रनबाईंना अजून पटलेलं नाही.

एसीवाल्या साहेबांना मात्र आता नाद लागलाय. परवा फोन, दुसरी बिल्डिंग आहे, हीपण पश्चिमेला, इनलेट मागे घेऊ ना डोळे झाकून? विचारलं कुठेशी, तर म्हणे चौकात, कॉर्नरचा प्लॉट. अहो, चौकात दोन रस्त्यांचे भोवरे एकमेकांत घुसतात, कोपऱ्यावर उभ्या अक्षाचे वेगळेच तयार होतात, तिथे हा नियम चालत नाही. आसपासच्या बिल्डिंगांच्या उंच्या आणि वर्षभराचा वाऱ्याचा डेटा पाठवा म्हटलंय. आणि या वेळी डक्ट काढायच्या आधी.